हप्त्याचं ‘मूळ’ कुणी शोधायचं?

समजा, जालन्यातल्या एखाद्या दुकानातून तुम्ही १२ हजारांचा मोबाइल हप्त्यांवर घेताय. काउंटरवरचा पोरगा हसत सांगतो, “फक्त दोन टक्के महिना, चार हप्ते, विषय कट.” बारा हजाराचे दोन टक्के म्हणजे २४० रुपये. मुद्दल महिन्याला ३ हजार. हप्ता झाला ३ हजार २४०. चार महिन्यांत दिले एकूण १२ हजार ९६०. सरळ हिशोब आहे, तुम्ही मान डोलावता आणि सही करता.

आता एक साधी गोष्ट करून बघा. कागद घ्या, खरंच दोन टक्के लागताहेत असं धरा आणि खातं मांडा. पहिल्या महिन्याअखेर १२ हजारांवर दोन टक्के चढले, १२,२४० झाले. त्यातून हप्ता गेला, उरले ९ हजार. त्यावर दोन टक्के, वजा हप्ता, उरले ५,९४०. पुन्हा तेच, उरले २,८१८ रुपये ८० पैसे. चौथ्या महिन्यात त्यावर दोन टक्के चढून होतात साधारण २,८७५. पण तुम्ही देता ३,२४०. म्हणजे दर खरोखर दोन टक्के असता, तर तुम्ही ३६५ रुपये जास्तीचे दिलेत. ते काही कुणी परत करणार नाही. कारण दर दोन टक्के नव्हताच.

मग किती होता?

खोटं कुणीच बोललेलं नाही, गंमत तीच आहे. ‘फ्लॅट रेट’ म्हणजे व्याज शेवटपर्यंत पूर्ण १२ हजारांवर धरायचं, तुम्ही मुद्दल फेडत असलात तरीही. तुमच्याकडे त्यांचे १२ हजार होते फक्त पहिला महिना. नंतर ढोबळमानानं नऊ, सहा, तीन. सरासरी काढली तर साडेसात हजार. त्यावर २४० रुपये व्याज म्हणजे तीन टक्क्यांच्या वर. हा झाला अंदाज. नेमका आकडा हवा असेल, तर एका समीकरणाचं मूळ शोधावं लागतं. ते समीकरण दहावीच्या पुस्तकात नाही.

दर महिन्याला शिल्लक रक्कम ज्या संख्येनं गुणली जाते तिला क्ष म्हणू. दोन टक्के असतील तर क्ष म्हणजे १.०२. चौथ्या हप्त्यानंतर शिल्लक शून्य झाली पाहिजे, ही अट मांडली आणि दोन्ही बाजू १२० नं भागल्या की हातात येतं हे:

१००क्ष⁴ − २७क्ष³ − २७क्ष² − २७क्ष − २७ = ०

चौथ्या कोटीची बहुपदी. घाबरू नका. मी मास कम्युनिकेशनची विद्यार्थिनी, दहावीनंतर गणिताशी माझा काडीमोड झालेला, आणि तरी मी हे लिहितेय ते याच कारणासाठी. चार हप्ते असतील तर चौथी कोटी, बारा असतील तर बारावी. तुमच्या खिशातला प्रत्येक हप्ता एका बहुपदीला लटकलेला आहे आणि त्या बहुपदीचं मूळ म्हणजेच तुम्ही भरत असलेला खरा दर. ते मूळ कुणीतरी काढतं. तुम्ही काढत नाही, एवढंच.

शाळेत काय होतं आपलं? नववीत ‘बहुपदी’ नावाचं प्रकरण येतं. कोटी, सहगुणक, संश्लेषक भागाकार. दहावीत ‘वर्गसमीकरणे’. अवयव पाडा, पूर्ण वर्ग करा, नाहीतर सूत्र वापरा. विवेचक धन असेल तर दोन वास्तव मुळं, शून्य असेल तर समान, ऋण असेल तर वास्तव मुळं नाहीत. गुण पडले, संपलं. क्ष चा घन आला की काय करायचं, हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. जणू जग वर्गापाशी थांबतं.

त्यापुढे सूत्रं नाहीत असंही नाही. तिसऱ्या आणि चौथ्या कोटीची सूत्रं इटलीतल्या कार्डानोनं १५४५ मध्ये ‘आर्स मॅग्ना’ या ग्रंथात छापली. ती इतकी लांबलचक आहेत की पाठ करायचा विचारही करू नका. आणि पाचव्या कोटीपासून पुढे बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार आणि मुळांची चिन्हं एवढ्यावर चालणारं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेलनं १८२४ मध्ये दाखवून दिलं. तेव्हा आबेल बावीसच्या आत-बाहेरचा होता. (माझ्याच वयाचा. असो.)

पण कॉम्प्युटरला सूत्राची गरज नसते. तो वापरतो ती युक्ती तुमच्या आजीलाही समजेल. आपल्याच खात्यावर करून बघा. दोन टक्के धरले तर शेवटी ३६५ रुपये जास्त जातात, म्हणजे दर याहून मोठा. पाच टक्के धरा. तेच खातं पुन्हा मांडलं तर चौथ्या हप्त्यानंतरही ६२१ रुपये देणं उरतं, म्हणजे दर याहून लहान. मूळ दोन आणि पाचच्या मध्ये कुठंतरी दबा धरून बसलंय. मग मधोमध बघा, साडेतीन. ११४ रुपये देणं उरतं. म्हणजे मूळ दोन आणि साडेतीनच्या मध्ये. पुन्हा मधोमध, २.७५. आता १२९ रुपये जास्त गेले. पुन्हा मधोमध, ३.१२५. साडेआठ रुपये जास्त. आलं ना टप्प्यात?

दर वेळी शोधायची जागा निम्मी होते. दहा वेळा केलं की ती हजाराव्या हिश्शावर येते, वीस वेळा केलं की दहा लाखाव्या. आपल्याला हाताने चार-पाच फेऱ्यांत कंटाळा येतो, कॉम्प्युटरला येत नाही, फरक इतकाच. उत्तर येतं साधारण ३.१५ टक्के महिना. पडताळा हवा असेल तर ३.१५ टाकून खातं मांडा, शेवटी फक्त ३७ पैशांचा फरक राहतो. दोनचे झाले सव्वातीनच्या जवळ. वर्षाला म्हणायचं तर जवळपास ३८ टक्के.

आणि हे प्रोसेसिंग फी न धरता. समजा फी म्हणून ३६० रुपये आधीच कापून घेतले. म्हणजे तुम्हाला प्रत्यक्षात मिळाले ११,६४०, हप्ता मात्र तोच. पुन्हा मूळ शोधा. येतं ४.४४ टक्के महिना, वर्षाला ५३ च्या आसपास. कागदावर अजूनही ‘फक्त दोन टक्के’च लिहिलेलं असतं! ३६० रुपये म्हणजे रविवारी मित्रांसोबतच्या एका जेवणाचं बिल. पण त्या ३६० नं दर कुठल्या कुठे नेला बघा. हे डोक्यात होण्यासारखं गणित नाही. अंदाजानं तर नाहीच नाही. म्हणून तर ते चालतं.

यावर तुम्ही म्हणाल, सरकार काय करतंय? केलंय. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यावं लागतं. त्यात फी वगैरे सगळं धरून वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, छापायचा असतो, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. तो एपीआर म्हणजे आपलं हेच मूळ. नियम चांगलाच आहे. पण छापलेला आकडा बरोबर आहे की नाही हे तपासणारा समोर कुणी असेल तरच त्या कागदाला दात येतात. आणि गल्लीतल्या भिशीवाल्याला, ओळखीतून ‘शेकड्यानं’ पैसे देणाऱ्याला कुठलं आलंय स्टेटमेंट? तिथं तुम्ही आणि तुमचं मूळ.

फोनमधल्या स्प्रेडशीटमध्ये ‘रेट’ नावाचं एक फंक्शन असतं. त्यात हप्त्यांची संख्या ४, हप्ता उणे ३२४० आणि मिळालेली रक्कम १२००० एवढं भरलं की ते दर काढून देतं. उणे चिन्ह विसरायचं नाही, कारण पैसे येणं आणि जाणं यांची चिन्हं विरुद्ध असतात. आतमध्ये ते कुठलंही सूत्र चालवत नाही. एक्सेलमध्ये तर ते वीस फेऱ्यांत मूळ सापडलं नाही तर चक्क हात वर करतं आणि एरर दाखवतं. म्हणजे जगभरातल्या बँकवाल्यांचं लाडकं यंत्रही आपल्यासारखंच अंदाज धरत, चुकत, जवळ जात उत्तराला पोचतं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

पैशाचं सोडा. आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न पाण्याचा. कडवंचीचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीनं झालेली पाणलोटाची कामं, शेततळी आणि द्राक्षबागा यांच्यामुळे हे गाव महाराष्ट्रभर माहीत झालं. कडवंचीच कशाला, जालन्याच्या कुठल्याही रस्त्यानं जा, प्लास्टिकचा कागद अंथरलेली काळी-निळी तळी दिसतातच. आता एक प्रश्न. वरून ३० मीटर लांब, २० मीटर रुंद, ३ मीटर खोल, चारही बाजूंना १:१ उतार असलेलं शेततळं आहे. पूर्ण भरलं होतं. एप्रिलमध्ये काठी बुडवून पाहिली तर पाणी दीड मीटर. किती उरलं?

“अर्धं.” बहुतेक जण असंच म्हणतील. पण तळं खाली निमुळतं होत जातं. तळाशी ते २४ बाय १४ आहे. खोली ख धरली तर पाण्याचं घनफळ येतं ३३६ गुणिले ख, अधिक ३८ गुणिले ख चा वर्ग, अधिक चार तृतीयांश गुणिले ख चा घन. तीन मीटरला हे होतं १,३८६ घनमीटर. दीड मीटरला होतं ५९४. निम्मे म्हणजे ६९३ हवे होते. ९९ घनमीटरचा घाटा, म्हणजे ९९ हजार लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ दहा टँकर! ऐन मे महिन्यात बागेला दहा टँकर कमी पडणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी बाग आहे त्याला विचारा. गाळ आणि बाष्पीभवन यांचा हिशोब तर अजून वेगळाच.

मग खरं निम्मं पाणी कुठल्या खुणेला असतं? त्या घनसमीकरणाचं मूळ काढा. इथं मधोमध तोडत बसण्यापेक्षा वेगवान युक्ती आहे, न्यूटन आणि राफसन यांच्या नावानं ओळखली जाणारी. इंजिनिअरिंगवाल्यांनी ती परीक्षेपुरती केलेली असते आणि पेपर झाल्यावर विसरलेली असते. सूत्र विसरा, तळ्यात उभे राहून विचार करा. दीड मीटरला ९९ घनमीटर कमी पडतात. त्या पातळीला पाण्याचा पसारा आहे २७ बाय १७, म्हणजे ४५९ चौरस मीटर. मग ९९ घनमीटर बसायला पातळी किती चढायला हवी? ९९ भागिले ४५९, साधारण २१ ते २२ सेंटिमीटर. नवा अंदाज १.७१६. तिथं दोन घनमीटर जास्त होतात, कारण वर जाताना तळं रुंदावतं. ते दोन घनमीटर तिथल्या पसाऱ्यानं भागा, अर्धा सेंटिमीटर खाली या. १ मीटर ७१ सेंटिमीटर. झालं. दोन फेऱ्या. ज्याला वर्गात ‘विकलज’ म्हणून आपली झोप उडवली होती, तो तळ्यात फक्त पाण्याचा पसारा आहे.

हे समीकरण तिसऱ्या कोटीचं, मग मुळं तीन असायला नकोत का? बरोबर प्रश्न. पण देकार्तनं १६३७ मध्ये एक भन्नाट सोपी खूण सांगून ठेवली आहे. सगळे सहगुणक ओळीनं लिहा आणि चिन्ह किती वेळा बदलतं ते मोजा. धन मुळं त्यापेक्षा जास्त असूच शकत नाहीत. शेततळ्याच्या समीकरणात चिन्ह एकदाच बदलतं, मोबाइलच्या समीकरणातही एकदाच. म्हणजे धन मूळ नेमकं एक. दुसरं उत्तर कुठं लपलंय का, ही धाकधूक नको. सगळीकडे असं सोपं नसतं. आपल्या जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं आवार आहे. तिथल्या कुणाला विचारा, वायूचा दाब आणि घनफळ यांचं व्हॅन डर वाल्सचं समीकरण घनफळासाठी सोडवलं की कधीकधी तीन वास्तव मुळं हाती येतात. सगळ्यात मोठं वायूचं, सगळ्यात लहान द्रवाचं, आणि मधलं निव्वळ गणितातलं. प्रत्यक्षात त्याला काही अर्थ नसतो. मशीन तिन्ही मुळं सारख्याच इमानदारीनं छापतं. कुठलं घ्यायचं ते माणसानं ठरवायचं.

आणि हा धडा आपल्याच मातीतला आहे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटणादेवी लागते. तिथल्या पाटण गावातला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापला. (हे चांगदेव म्हणजे ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवणारे नव्हेत, घोळ घालू नका.) हा लेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये उजेडात आणला. भास्कराचार्य १११४ मध्ये जन्मले आणि छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्यातल्या बीजगणितात माकडांची दोन गणितं आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग रानात खेळतोय आणि उरलेली १२ माकडं टेकडीवर आहेत, तर एकूण किती? उत्तरं दोन, ४८ आणि १६. दोन्ही चालतात, करून बघा. दुसऱ्यात कळपाचा पाचवा हिस्सा घ्यायचा, त्यातून तीन वजा करायचे, त्याचा वर्ग गुहेत गेला आणि एक माकड फांदीवर दिसतंय. उत्तरं येतात ५० आणि ५. पण पाच माकडं धरली तर पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन काढले की उणे दोन माकडं! वर्ग केल्यावर चिन्ह पुसलं जातं आणि समीकरण मुकाट्यानं ‘बरोबर’ म्हणतं. भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर बाजूला ठेवलं. कारण काय दिलं, तर अशी ऋण संख्या लोकांना पटत नाही. साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वी हा माणूस लोकांना काय पटतं याचा विचार करत मुळं निवडत होता.

एवढंच नाही, ते वर्गापाशी थांबलेही नाहीत. घनसमीकरण आहे, चौथ्या कोटीचंही आहे. एका संख्येच्या चौथ्या घातातून तिच्या वर्गाची दुप्पट आणि त्या संख्येची चारशेपट वजा केली तर ९,९९९ उरतात, ती संख्या कोणती? त्यांनी दोन्हीकडे वर्गाची चौपट, संख्येची चारशेपट आणि एक असं मिळवलं. झटक्यात दोन्ही बाजू पूर्ण वर्ग झाल्या आणि उत्तर आलं ११. सुंदर आहे, पण ही युक्ती याच आकड्यांना लागते. ९,९९९ च्या जागी १०,००० केले की युक्ती कोलमडते. कॉम्प्युटरला मात्र दोन्ही सारखेच, तो तितक्याच फेऱ्यांत दोन्हींची मुळं आणून ठेवेल. वर आणखी सांगेल की भास्कराचार्यांच्या समीकरणाला उणे ९ हेही वास्तव मूळ आहे. खरं आहे, ताडून पाहा.

म्हणजे कॉम्प्युटर जिंकला? थांबा. त्याचेही लोचे आहेत. क्ष च्या वर्गातून दहा कोटी क्ष वजा करून एक मिळवला की शून्य, असं समीकरण घ्या आणि दहावीचं सूत्र जसंच्या तसं प्रोग्रॅममध्ये टाका. मोठं मूळ बरोबर येईल, दहा कोटी. लहान मूळ यायला हवं दहा कोटींत एक भाग, म्हणजे दशांश चिन्हानंतर सात शून्यं आणि मग एक. नेहमीच्या ‘डबल’ अचूकतेत कॉम्प्युटर देतो त्याच्या जेमतेम पाऊणपट. २५ टक्क्यांची चूक, तीही शाळेच्या सूत्रानं! सूत्र चुकीचं नाही. कॉम्प्युटर साधारण पंधरा-सोळा अंकच लक्षात ठेवतो. दोन जवळजवळ सारख्या मोठ्या संख्या वजा केल्या की हातात उरतं ते त्यानं कापून टाकलेल्या शेपटांचं गाठोडं. यावरचा उपाय मजेशीर आहे. आधी मोठं मूळ काढा आणि मग मुळांचा गुणाकार वापरा. दहावीत मुळांची बेरीज आणि गुणाकार यांचे जे संबंध आपण दोन गुणांसाठी घोकले ना, तेच. इथं गुणाकार एक आहे, म्हणून लहान मूळ म्हणजे एक भागिले दहा कोटी. चोख.

त्याच धर्तीवर, तिन्ही मुळं १ असलेली घनबहुपदी पायथनच्या ‘नमपाय’ला सोडवायला द्या. पाचव्या-सहाव्या दशांश स्थळापाशी उत्तर डगमगतं आणि जिथं मुळं वास्तव आहेत तिथं काल्पनिक भागाची शेपूट चिकटू शकते. ‘फक्त वास्तव मुळं दाखव’ असं तुमच्या प्रोग्रॅमनं म्हटलेलं असेल तर खरी मुळंच गाळली जातील.

आता तुमच्या ओठांवर असलेला प्रश्न. हे सगळं एआयला विचारलं की झालं ना? विचारा की. मीही विचारते. पण मुळांच्या बाबतीत एक गोष्ट फार छान आहे, जी बातमीच्या बाबतीत नसते. मूळ शोधणं अवघड असलं तरी तपासणं सोपं असतं. कुणीही, कुठल्याही यंत्रानं, कितीही आत्मविश्वासानं सांगितलेला आकडा घ्या, समीकरणात टाका, शून्य येतंय का बघा. चार गुणाकार, चार वजाबाक्या. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर एक मिनिट. आमच्या धंद्यात एखाद्या नेत्याचं विधान तपासायचं तर दिवस जातो, आणि तरी शून्य येत नाही.

म्हणून माझी तक्रार अशी आहे की आपण नेमकं उलटं शिकवतो. शोधण्याचं सूत्र पाठ करून घेतो, जे यंत्र आपल्यापेक्षा हजारपट वेगानं करतं. तपासायला, निवडायला, समीकरण मांडायला मात्र शिकवत नाही, आणि यंत्राला नेमकं तेच जमत नाही. चार हप्त्यांचं खातं ही बहुपदी आहे, हे कुठल्याही यंत्राला तुमच्या वतीनं सुचणार नाही. त्याला तुम्हीच सांगावं लागतं.

यावर शिक्षक म्हणतात, अभ्यासक्रम आधीच पूर्ण होत नाही, त्यात हे कुठं कोंबू? त्यांची अडचण खोटी नाही. एकेका शिक्षकावर किती वर्ग असतात आणि शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप का असतं, हे आपण जिल्ह्यातल्या शाळांत शिकलेल्यांनी कुणाला विचारायची गरज नाही. पण मधोमध तोडण्याची पद्धत शिकवायला कॉम्प्युटर लागतच नाही. फळा, खडू आणि एक कॅल्क्युलेटर. वर्गसमीकरणाचं प्रकरण संपलं की दोन तास. एका तासाला हप्ता, एका तासाला शेततळं. परीक्षेत नको, गुण नकोत. खरं तर गुण ठेवलेच तर त्याचंही गाइड निघेल आणि ‘मधोमध पद्धतीच्या पायऱ्या लिहा’ असा प्रश्न येईल. नकोच ते.

आणि कॉलेजवाल्यांनो, तुमच्या सबमिशनला, एनएसएसच्या शिबिराला काहीतरी उपक्रम लागतोच ना दरवर्षी? रस्ता झाडून फोटो काढण्यापेक्षा एक करा. गावातल्या शेततळ्यांची मापं घ्या. लांबी, रुंदी, खोली, उतार, चार आकडे. फोनवर मुळं काढा आणि तळ्यातल्या काठीवर मीटरच्या खुणांऐवजी लिटरच्या खुणा करा. एक लाख, दोन लाख, तीन लाख, जिथं येतील तिथं. सगळ्या खुणा सारख्या अंतरावर येणार नाहीत. तळाकडे त्या लांब लांब पडतील, काठाकडे जवळ येतील. कुणी विचारलंच की तुमच्या खुणा अशा वेड्यावाकड्या का, तर त्याला काठी हातात देऊन तळाशी आणि काठाशी पाण्याचा पसारा मोजायला लावा. वरच्या आपल्या ३० बाय २० च्या तळ्यात निम्म्याची खूण १ मीटर ७१ सेंटिमीटरवर येईल. रंग ऑइल पेंटचाच घ्या, साधा असला तर पहिल्याच पावसात उतरतो.